सतरा नंबरची इमारत

उर्मिला हुपरीकर कुणाच्या घरी पहिल्यांदा गेली की पाणी मागायच्या आधी संडास बघून यायची. गरज असो वा नसो. आत जाऊन कडी लावायची, फ्लश एकदा ओढायची, पाणी किती सेकंदांत उतरतं ते मनात मोजायची, भांड्यामागच्या फरशीवरून बोट फिरवायची आणि मग नाक वर करून एक लांब श्वास घ्यायची. बाहेर आल्यावर तिच्या चेहऱ्यावरूनच यजमानांना निकाल कळायचा. सिंगापुरात बुकित तिमाहला विनीता या मैत्रिणीच्या नव्या कॉन्डोच्या वास्तुशांतीला तिनं हातात प्रसादाची वाटी घेऊन, चारचौघांत सांगून टाकलं होतं, "विनीता, घर झकास हाय. पण पाहुण्यांच्या टॉयलेटचा, वास अडवणारा ट्रॅप गळतोय. महिनाभरात वास सुटंल. बिल्डरला आत्ताच धर."

विनीता हसली. विनीताची सासू हसली नाही. उर्मिलाची पंधरा वर्षांची लेक ऋग्वेदा सोफ्यात अंग चोरून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, डोन्ट लाह. सो एम्बॅरसिंग."

महिनाभरात वास सुटला. विनीताचा फोन आला तेव्हा उर्मिलानं 'मी म्हटलं नव्हतं?' असं काही म्हटलं नाही. प्लंबरचा नंबर दिला आणि वर त्याला काय काय विचारायचं तेही लिहून पाठवलं. बाई तशी मनाची मोठी. फक्त घाणीपुढं तिचं मन लहान व्हायचं.

तिचा धंदाच तो. तांजोंग पागारला अठराव्या मजल्यावर वास्तुरचनेची एक मोठी कंपनी होती, तिथं सांडपाण्याचं आणि मैलापाण्याचं सगळं खातं उर्मिला बघायची. विमानतळ असो, इस्पितळ असो, मॉल असो, वरची दिमाखदार काच आणि पोलाद इतरांचं. काचेच्या आतून, भिंतीच्या पोटातून, जमिनीखालून जे वाहून जातं ते उर्मिलाचं. नवरा प्रबोध तुआसला जहाजांच्या पंपांच्या कारखान्यात इंजिनीअर. चोआ चू कांगला त्यांचा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. प्रबोध पुण्याचा, शुद्ध बोलणारा. उर्मिला कोल्हापूरकडची, मागांच्या खडखडाटात वाढलेली. तिकडच्या बायकांसारखी ती 'मी आलो, मी गेलो' म्हणायची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी प्रबोधला त्याची गंमत वाटायची. "आमच्या घरात दोन पुरुष आहेत," तो पाहुण्यांना सांगायचा, "आणि त्यातला दुसरा मी."

कंपनीचा मुख्य म्हणजे क्वेक. साठीला टेकलेला, काटकुळा, फारसं न बोलणारा चिनी माणूस. मुलाखतीला आलेल्या उर्मिलाला त्यानं एकच प्रश्न विचारला होता: संडासात कशाला शिरलीस, इतकी खाती असताना? उर्मिलानं तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं होतं, की बाकीची खाती कुणीही करेल. क्वेकनं मान हलवली आणि सांगितलं, की तो ज्या कंपोंगमध्ये, म्हणजे जुन्या खेडवस्तीत, वाढला तिथं बादलीचा संडास होता. एक माणूस येऊन भरलेली बादली न्यायचा आणि रिकामी ठेवायचा. "आम्ही त्याला बघून पळायचो," क्वेक म्हणाला होता. "त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं." नोकरी तिथंच पक्की झाली.

दोन हजार पंधराच्या सुरुवातीला कंपनीकडं एक भारतीय काम आलं. देशातल्या एका राज्याला नवं विधानभवन आणि त्याभोवतीचा सगळा पसारा बांधायचा होता. करारात गुप्ततेचं कलम होतं, त्यामुळे कंपनीत राज्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, सगळे नुसतं 'क्लायंट' म्हणायचे. नुसते नकाशे नको होते त्यांना, नियमावलीही हवी होती. म्हणजे राज्याच्या या इमारती कशा रचायच्या, कशा बांधायच्या आणि त्यांना नावं कशी द्यायची याचा कायदाच. पहिलं प्रकरण रचनेचं, दुसरं बांधकामाचं. ही दोन कंपनीनं लिहून द्यायची. तिसरं नामकरणाचं. ते क्लायंट स्वतः लिहिणार होता.

नकाशात पूर्वेकडं एक दार होतं, जनतेचं दार. दर बुधवारी राज्यभरातून माणसं अर्ज घेऊन मंत्र्यांना भेटायला येणार, असं क्लायंटच्याच कागदात लिहिलं होतं. दिवसाला तीन हजार माणसं. त्या दाराशी उर्मिलाचं घोडं अडलं. कारण तीन हजार माणसांसाठी क्लायंटनं लिहून दिलेली सोय होती चार संडास. आमदारांना एकशे दहा.

"चार?" ती क्वेकला म्हणाली. "बॉस, आपल्या कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरला याच्या तिप्पट आहेत. आणि तिथं लोक नूडल्स खाऊन वीस मिनिटांत उठतात. ही माणसं पहाटे घरून निघणार आणि संध्याकाळपर्यंत ताटकळणार."

क्वेक म्हणाला, "मग किती?"

"चौसष्ट. चाळीस बायकांना, चोवीस पुरुषांना."

"लिही."

हे चाळीस तिनं पुस्तकात बघून काढले होते, पण पुस्तक उघडायच्या कितीतरी आधी ते तिच्या पोटात होते. तिची आई वर्षातून पाच-सहा वेळा कचेरीत जायची. कधी रेशनकार्ड, कधी घराचा उतारा, नवरा वारल्यावर पेन्शनचे कागद. कचेरीला जायच्या आदल्या दुपारपासून ती पाणी पिणं बंद करायची. सकाळी चहासुद्धा नाही. पदरात भडंगाची पुडी बांधायची, तीही कोरडी. गल्लीतल्या सगळ्याच बायका तसं करायच्या. लहानपणी उर्मिलाला वाटायचं हा एक उपासच आहे. सोमवार, संकष्टी, एकादशी, तशी कचेरी. बारा वर्षांची असताना ती आईबरोबर गेली तेव्हा तिला कळलं. कचेरीला दगडी घुमट होता, बाग होती, बागेत तोफ होती. संडास एकच होता, साहेबांचा, आणि त्याची किल्ली शिपायाच्या खिशात. संध्याकाळी सहा वाजता आई उठली ती चालत नव्हती, सरकत होती. बसस्टँडमागच्या भिंतीपाशी काय झालं ते उर्मिलानं प्रबोधलाही कधी सांगितलं नाही. पुढं आईची किडनी गेली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?" आई म्हणाली, "घरी असलं की भरपूर."

तर चौसष्ट. ते कागदावर उतरवायला तिला तीन महिने लागले, कारण कंपनीतल्या तरुण वास्तुरचनाकारांना पूर्वेच्या दाराशी पाण्याचा आरसा हवा होता, म्हणजे उथळ तलाव, ज्यात घुमट दिसेल. "तलाव ठेवा की," उर्मिला म्हणाली, "आपण सोय केली नाही तर लोक त्यातच करतील. मग बघा आरशात काय दिसतं ते." तलाव चार मीटर सरकला.

मेमध्ये क्लायंटची माणसं आली. मंत्री, त्यांचे सचिव, एक शास्त्रीजी आणि मागं फोटो काढणारे सहा-सात जण. सचिवाचं नाव रवींद्र. माणूस मूळचा कऱ्हाडचा, नोकरीमुळं त्या परक्या राज्यात गेलेला. उर्मिलाचं आडनाव ऐकून त्याचा चेहरा उजळला. "ताई, कोल्हापूरच्या ना? सहा महिन्यांत मराठी बोललो नाही. बोला, काहीही बोला." उर्मिलालाही बरं वाटलं. वाटलं, आपलं माणूस आहे आत.

मंत्र्यांनी टेबलावरची प्रतिकृती पाहिली आणि पहिला प्रश्न केला हिंदीत, की शेजारच्या राज्याच्या घुमटाची उंची किती. रवींद्रनं सांगितली. मंत्री म्हणाले, आपला त्याहून पाच फूट वर हवा. क्वेकनं समजावलं, की पाच फुटांनी सगळं प्रमाण बिघडेल. मंत्री म्हणाले, मग सात फूट. घुमट कशासारखा दिसावा यावर मग दीड तास गेला. कुणाला कमळ नको होतं, कारण ते एका पक्षाचं. कुणाला कलश नको होता, तो दुसऱ्या देवळाचा. शेवटी ठरलं की घुमट कशासारखाच दिसू नये, पण मोठा दिसावा. उर्मिला कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. आधी तिला हसू आलं, मग जांभई आली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंडात कडवट काहीतरी जमायला लागलं.

दुपारी शास्त्रीजींनी पूर्वेच्या दाराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्याकडं बोट केलं. "ये क्या है?"

सांगितलं.

शास्त्रीजींनी दोन्ही कानांना हात लावले. मुख्य इमारतीच्या ईशान्येला शौचालय! राज्य बुडेल. सरकार तर आधी पडेल. सरकार पडेल म्हटल्यावर मंत्र्यांनी पेन खाली ठेवलं.

उर्मिला अशा माणसांत मुरलेली होती. तिनं वाद घातला नाही. प्रतिकृतीतला तो भाग तिनं चिमटीनं उचलला आणि आवाराच्या कुंपणापाशी, दारापासून तीस मीटरवर ठेवला. मुख्य इमारतीपासून सुटी, स्वतंत्र. "आता कुठली दिशा?" शास्त्रीजींनी होकायंत्र फिरवलं, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, चालेल. एकही भांडं न गमावता चौसष्ट वाचले. त्या दिवशी ती चोआ चू कांगला उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या दुकानातून आंबे घेऊन गेली. "जिंकलो मी," तिनं दारातूनच सांगितलं. नकाशावर तिच्या सुट्या इमारतीला क्रमांक मिळाला सतरा.

नोव्हेंबरात तिसरं प्रकरण आलं. नामकरण. कलम तीन: आवारातल्या प्रत्येक स्वतंत्र बांधकामाला थोर व्यक्तीचं नाव देण्यात येईल. कलम चार: नाव निश्चित झाल्याखेरीज कुठल्याही स्वतंत्र बांधकामाला परवानगी मिळणार नाही. कलम सात: व्यक्ती हयात नसावी. उर्मिलानं ते चाळलं आणि बाजूला ठेवलं. नावांशी तिचं काय काम? मैलापाण्याला नाव नसतं.

डिसेंबरात रवींद्रचा फोन आला.

"ताई, एकसष्ट बांधकामं आहेत. साठांना नावं मिळाली. भांडून, रडून, पण मिळाली. पाण्याच्या टाकीलासुद्धा एक स्वातंत्र्यसैनिक सापडला. एक राहिलंय."

"कुठलं?"

"सतरा."

उर्मिलानं नकाशा ओढून सतरावर बोट ठेवलं.

"समितीत कुणाचंही नाव काढलं की त्या जातीचे आमदार उठून उभे राहतात, आमच्या माणसाचं नाव संडासाला? विरोधी पक्षाच्या एकानं मुद्दाम मंत्रीसाहेबांच्या आजोबांचं सुचवलं. पेपरवेट उडाला, ताई. लागला बिचाऱ्या स्टेनोला."

"अहो, मग नाव देऊ नका. नुसतं सार्वजनिक स्वच्छतागृह लिहा."

"कलम चार. नावाशिवाय बांधता येत नाही. आणि स्वच्छतागृह हे नाव नाही, वर्णन आहे, असं विधी विभागाचं मत पडलं."

"फुलाचं द्या. झाडाचं द्या."

"थोर व्यक्ती म्हटलंय. झाड व्यक्ती नाही."

"मग कलम बदला की!"

"बदलायचं तर परत समिती, परत सभागृह. कोण हात घालणार? तुम्हाला म्हणून सांगतो, या समितीत वर्षभरात पहिल्यांदाच एकमतानं ठराव झाला. सतरा नंबर वगळावा. टाळ्या वाजल्या."

फोन ठेवल्यावर उर्मिलानं रुमाल काढून नाकाला लावला. शहरातले तुंबलेले नाले तिनं टॉर्च मारून बघितले होते, इस्पितळाच्या टाकीत उतरली होती, कधी रुमाल नाकाला लावला नव्हता. मेलेल्या माणसांच्या नावांना वास लागेल म्हणून जित्या बायकांना दिवसभर कोंडून ठेवायचं. आणि त्यावर टाळ्या. थुंकावंसं वाटलं तिला. पण अठरावा मजला, बंद काचा, आणि शहर असं की थुंकायचीही सोय नाही. ती बेसिनपाशी गेली, चूळ भरली आणि आरशात स्वतःकडं बघून म्हणाली, "शाणी गं तू. इमारत सुटी कुणी केली? तूच." मुख्य इमारतीच्या पोटात असते तर त्या चौसष्टांना नाव लागलंच नसतं. शास्त्रीजींवर मात केली म्हणून आंबे खाल्ले होते तिनं.

संध्याकाळी जेवताना तिनं घरात सांगितलं.

ऋग्वेदा म्हणाली, "नेम इट आफ्टर यू लाह. उर्मिला भवन."

"मी थोर न्हाई."

"आणि जिवंत आहेस," प्रबोध म्हणाला. "कलम सात."

ऋग्वेदाला हसू आवरेना. उर्मिला हसली नाही तेव्हा प्रबोधनं पोळीचा तुकडा खाली ठेवला. "तू इतकं का लावून घेतेस? ते राज्य तुझं नाही. तिथं आपण कधी पाऊलही ठेवणार नाही."

"आई माझीच होती की."

"त्या राज्यात नव्हती."

"सगळ्या राज्यांत हाय ती," उर्मिला म्हणाली आणि ताट उचलून उठली.

पुढं आठवडाभर ती नुसती धुमसत होती. मग एका सकाळी, बदाबदा पाऊस पडत असताना, ती ब्लॉकखालून स्टेशनकडं निघाली. चोआ चू कांगच काय, सगळ्या सिंगापुरात घरापासून स्टेशनापर्यंत रस्त्याकडेनं छपराची वाट असते. खांबांवर पातळ छत, एका ब्लॉकला दुसऱ्या ब्लॉकशी जोडत जाणारं, म्हणून भर पावसातही माणूस कोरडा पोचतो. सोळा वर्षं ती त्याखालून चालत होती. त्या दिवशी मध्येच थांबली. मागून येणारी माणसं तिला धडकली. "एक्स्क्यूज मी, आंटी!" आंटी वर छताकडं बघत होती. नियमावलीच्या पहिल्या प्रकरणात, त्यांच्याच कंपनीनं लिहिलेली व्याख्या तिला आठवली. ज्या बांधकामाचं छत दुसऱ्या कुठल्याही बांधकामाच्या छताला जोडलेलं नाही, ते स्वतंत्र बांधकाम.

छत जोडलं की स्वतंत्र नाही. स्वतंत्र नाही की नाव नाही.

ऑफिसात पोचून तिनं नकाशा पसरला. मुख्य इमारतीला जोडलं तर शास्त्रीजी परत कानाला हात लावणार. दुसरी जवळची इमारत म्हणजे सोळा नंबर, आमदारांच्या गाड्या ठेवायची. मधलं अंतर बावीस मीटर. सोळाला नाव मिळालं होतं मंत्र्यांच्या दिवंगत वडिलांचं. उर्मिलानं क्षणभर पेन्सिल चावली. मग बावीस मीटरचं छत ओढलं. क्वेकनं बघितलं, छतावर बोट ठेवलं, सतरावर ठेवलं आणि म्हणाला, "त्यांना कळेल." "कळू दे," ती म्हणाली. "नियमात तर बसतं."

मार्चमध्ये ते परत आले. या खेपेची प्रतिकृती मोठी होती, घुमट सात फुटांनी वाढलेला, त्यामुळे पालथ्या पातेल्यासारखा दिसणारा. छपराची वाट पितळी पत्र्यातून कापलेली, झगझगीत. मंत्र्यांना ती फार आवडली. त्यांनी बोटानं वाट धरली. सोळा नंबरपासून, वडिलांच्या नावाच्या पाटीपासून, खांब मोजत मोजत बोट निघालं आणि सतरावर जाऊन टेकलं.

"और ये?"

रवींद्र म्हणाला, "जनसुविधा, सर. आता सोळाचाच भाग धरला जाईल, म्हणून वेगळ्या नावाची..."

मंत्री काही मूर्ख नव्हते. त्यांचं बोट चटका बसल्यासारखं उचललं गेलं. "म्हणजे माझ्या बापाच्या नावाला मागून हे चिकटवलंत?"

शास्त्रीजींनी बिस्किटाचं वेष्टण उघडलं.

"साहेब," उर्मिला हिंदीत बोलायला लागली, "दर बुधवारी तीन हजार माणसं येणार. त्यात हजार-बाराशे बायका. पहाटे चारला घरून निघालेल्या. त्या कुठं जाणार?"

मंत्र्यांनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही; खरंच नवल वाटल्यासारखं. "आजवर कुठं जात होत्या?"

"कुठंच न्हाई. दाबून धरत होत्या." हे तिच्या तोंडून मराठीत निघालं. रवींद्रनं त्याचा अनुवाद केला नाही.

"आपल्या बायकांना सवय असते," मंत्री म्हणाले आणि मागच्या फोटोवाल्यांकडं बघून जरासे हसले, तेही हसले. "छत छान आहे. छत ठेवा. ते पलीकडचं काढून टाका."

"छत मग कुठं जाणार, सर?" क्वेकनं इंग्रजीत विचारलं. "पुढं काहीच नाही."

"असू दे. सावली होईल. माझ्या स्वर्गवासी आईचं नाव देऊ त्याला."

रवींद्र घसा खाकरून म्हणाला, की छत सोळाला जोडलेलं आहे, ते स्वतंत्र बांधकाम नाही, नियमानं त्याला वेगळं नाव देता येणार नाही.

"मग नियम बदला."

आणि बदलला की हो! चहा येऊन कप खाली होईपर्यंत रवींद्रनं कलम तीनमध्ये पेन्सिलीनं तीन शब्द घातले: 'अथवा शोभेचे जोडछत'. समिती, सभागृह, विधी विभाग, कुणाचं नाव निघालं नाही. शास्त्रीजींनी आईच्या नावाला दिशा शुभ असल्याचं सांगितलं आणि दुसरं बिस्कीट घेतलं. उर्मिला त्या पेन्सिलीच्या टोकाकडं बघत राहिली. मैल्यात हात घातला की हात धुता येतो. हे कशानं धुवायचं?

लिफ्टपाशी रवींद्र मागं रेंगाळला. "ताई, रागावू नका. मी तरी काय करणार? तोंड उघडलं की बदली."

"तुमची आई कधी कचेरीत गेली होती का हो, रवींद्रसाहेब?"

"छे. आई शिक्षिका होती. तीस वर्षं."

"मग तिला विचारा एकदा, शाळेत असताना दिवसभरात पाणी किती प्यायची."

लिफ्ट आली. रवींद्र आत शिरला आणि दार बंद होईपर्यंत त्याला नजर कुठं ठेवावी ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुधारित नकाशे काढायचे होते. उर्मिलानं सतरा नंबर निवडला आणि पुसला. भिंती गेल्या, दारं गेली, चाळीस आणि चोवीस भांडी एका दमात गेली. पडद्यावर राहिलं बावीस मीटरचं छत, कुठंच न जाणारं, टोकाला मोकळी फरशी. ती बराच वेळ बघत बसली. तिथं काय होणार ते तिला अगदी स्पष्ट दिसत होतं. खांबाखांबाआड पुरुष उभे राहणार. मंत्र्यांच्या आईच्या नावाखाली धारा लागणार, पहिल्याच बुधवारी. पुरुषांची सोय झालीच म्हणायची. बायका त्या वासात, पदर नाकाला लावून, सावलीत बसून राहणार.

तिला किळस आली आणि ती जाईना. चहा घेऊन गेली नाही, खाली एक फेरी मारून आली तरी गेली नाही. मग तिनं नियमावली उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिसऱ्या प्रकरणासकट, शब्द न शब्द वाचली. घुमटावर सोळा पानं होती, पाट्यांच्या अक्षरांवर नऊ. जमिनीखाली काय असावं याबद्दल क्लायंटनं एक ओळसुद्धा घातली नव्हती. खाली कुणी बघत नाही, खाली कुणाचं नाव लागत नाही.

तिनं जमिनीखालचा नकाशा उघडला. तिथं सतरा नंबरचे नळ होते तसेच होते, पुसायचे राहिलेले. तिनं पुसले नाहीत. मोठा नळ होता तिथंच ठेवला, उतार होता तोच ठेवला, चेंबर ठेवली, पाण्याची जोडणी ठेवली. चौसष्ट फाट्यांना चौसष्ट झाकणं घातली आणि फरशीच्या चार बोटं खाली आणून थांबवली. उद्या कधी दुसरा मंत्री येईल, दुसरी कुणी इंजिनीअर बाई येईल, फरशी उचकटली की सापडेल. नाही आली तर राहील गाडलेलं. तेवढंच तिच्या हातात होतं आणि तेवढ्यानं तिचं समाधान झालेलं नव्हतं.

शुक्रवारी सह्यांसाठी नकाशे घेऊन ती क्वेकच्या खोलीत गेली. तो एकेक कागद बघत, कोपऱ्यात सही करत पुढं जात होता. त्या कागदावर पेन थांबलं.

"इमारत काढली ना?"

"काढली."

"मग हा नळ कसला?"

"पावसाच्या पाण्याचा. छताचं पाणी."

"नऊ इंची?"

"तिकडं पाऊस फार पडतो, बॉस."

क्वेकनं चष्मा वर केला आणि पेनाच्या मागच्या टोकानं झाकणं मोजायला लागला. ओठ हलत होते. उर्मिला समोर उभी होती, हात मागं बांधून, शाळेत वही तपासायला दिल्यासारखी. मोजून झालं. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. खिडकीबाहेर बंदरातल्या क्रेन उभ्या होत्या, त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं.

"मोठा पाऊस," तो म्हणाला आणि सही केली.